फिलिप लाम: सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

लामबद्दल काहीही लिहिलं की तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी गोळा केलेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे जरा किचकट होत जातात. एक गोष्ट दोनदा नको म्हणून कुठे कुठे "अमुक नंबर बघा" असं लिहिलंय, तेवढं सांभाळून घ्या.

1. फिलिप लाम म्हणजे नक्की कोण? मी फुटबॉल आत्ताच बघायला लागलोय, थोडक्यात सांगा.

जर्मनीचा आणि बायर्न म्युनिकचा माजी कॅप्टन, फुलबॅक, म्हणजे बचावफळीत एकदम कडेला खेळणारा डिफेंडर. 2014 चा वर्ल्ड कप जर्मनीने जिंकला तेव्हा ब्राझीलमधल्या माराकाना स्टेडियमवर कप उचलणारा, 170 सेंटीमीटर उंचीचा, शाळकरी पोरासारखा दिसणारा माणूस तोच. जर्मनीसाठी 113 मॅच, बायर्नसाठी 517, आणि मे 2017 मध्ये निवृत्त. माझं मत आधीच सांगून टाकतो, गेल्या वीसेक वर्षात त्याच्याइतकं डोकं चालवून खेळणारा फुलबॅक मी बघितलेला नाही, त्यामुळे खालची उत्तरं एका फॅनने लिहिलीत हे धरूनच वाचा.

2. तो मूळचा कुठला? बायर्नमध्ये कसा आला?

म्युनिकचाच. जन्म 11 नोव्हेंबर 1983. शहरातल्या गेर्न भागात वाढला आणि तिथल्याच एफटी गेर्न नावाच्या छोट्या क्लबात खेळायला लागला, घरचे लोकही त्या क्लबाशी जोडलेले होते. साधारण अकरा वर्षांचा असताना बायर्नच्या ज्युनिअर टीममध्ये आला. तिथून वर चढत 2001 आणि 2002 अशी लागोपाठ दोन वर्षं ज्युनिअर गटातली जर्मन चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या टीममध्ये होता. मोठ्या टीमकडून पहिली मॅच 13 नोव्हेंबर 2002 ला, चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातल्या टॉप क्लबांची स्पर्धा) लान्सविरुद्ध, 3-3 सुटली ती. लाम मैदानात आला तेव्हा मॅच इंज्युरी टाइममध्ये गेलेली, त्यामुळे बॉलला पाय लागला असेल नसेल.

3. बायर्नचाच पोरगा होता तर मग दोन वर्षं स्टुटगार्टकडून का खेळला?

कारण बायर्नमध्ये जागाच नव्हती. एका बाजूला लिझाराझू, दुसऱ्या बाजूला सान्योल, दोघेही फ्रान्सचे इंटरनॅशनल प्लेअर, त्यांना बसवून एकोणीस वर्षाच्या पोराला कोण खेळवणार? बायर्नच्या दुसऱ्या टीमचा कोच हरमन गेरलांड मात्र या पोराच्या मागे ठाम उभा होता, हा मोठा होणार असं भेटेल त्याला सांगायचा. शेवटी 2003 मध्ये लोनवर, म्हणजे तात्पुरता, स्टुटगार्टला पाठवलं. तिथे फेलिक्स मागाथ कोच होता, टीम सगळी तरुण, कुरान्यी, हिंकेल, ह्लेब वगैरे, आणि आदल्या सीझनला दुसरे आल्यामुळे चॅम्पियन्स लीगमध्येही होते. 1 ऑक्टोबर 2003 ला त्यांनी मँचेस्टर युनायटेडला 2-1 हरवलं त्या सीझनमधलाच हा लाम. काही महिन्यांतच, 18 फेब्रुवारी 2004 ला, क्रोएशियाविरुद्ध स्प्लिटमध्ये तो जर्मनीकडून खेळला. बायर्नच्या बेंचवर बसून राहिला असता तर हे इतक्या लवकर झालं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

4. उजव्या पायाचा खेळाडू लेफ्ट बॅक कसा काय झाला?

स्टुटगार्टमुळे. तिथे उजवी बाजू आंद्रेयास हिंकेलकडे होती, मागाथने लामला डावीकडे टाकलं, आणि तो तिथे इतका छान बसला की पुढची कितीतरी वर्षं जर्मनीनेही त्याला डावीकडेच वापरलं.

आता यात गंमत अशी की उजव्या पायाचा माणूस डावीकडून पुढे गेला की तो लाइनला धरून पळत जाऊन क्रॉस टाकेल याची खात्री नसते, तो कधीही आत वळून उजव्या पायाने शॉट मारू शकतो, आणि समोरच्या विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्याला, कुठली बाजू अडवायची हे कळतच नाही. लामचे लक्षात राहणारे गोल असेच आलेत, 7 नंबरमध्ये त्यातला सगळ्यात फेमस आहे. तोटा पण आहे, धावता धावता डाव्या पायाने क्रॉस टाकायचा झाला तर तो उजव्याइतका नेमका पडत नाही, मग बॉल थांबवून पायावर घ्यावा लागतो आणि हल्ल्याचा वेग जातो. 2009 मध्ये व्हॅन गाल कोच म्हणून बायर्नला आला, त्याने लामला उजवीकडे विंगर रॉबेनच्या मागे लावलं आणि ती जोडी जमून गेली. रॉबेन बॉल घेऊन आत वळायचा, त्याच क्षणी लाम बाहेरून मोकळा पळत असायचा, डिफेंडरने कोणाला धरायचं? मधे 2011-12 ला कोच हाइन्केसने परत त्याला डावीकडे नेलं होतं, मग अलाबा डावीकडे तयार झाला तसा लाम पुन्हा उजवीकडे.

5. एवढ्या कमी उंचीचा डिफेंडर टॉप लेव्हलला टिकला कसा? मला हे अजूनही पटत नाही.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला.

आपण डिफेंडर म्हटलं की उंच, दणकट, जमिनीवर घसरत जाऊन टॅकल मारणारा माणूस डोळ्यासमोर आणतो. लाम घसरायचाच क्वचित. त्याच्या हिशोबाने जमिनीवर पडावं लागलं म्हणजे तुम्ही आधीच कुठेतरी उशीर केलेला आहे. जुनी मॅच लावा आणि बॉल सोडून फक्त लामकडे बघा. बॉल दुसऱ्या टोकाला असतानाही तो दोन पावलं आत, एक पाऊल मागे असं सतत सरकत असतो, मान सारखी फिरत असते. विंगरला पास येण्याआधीच तो त्या वाटेत उभा, आणि पास आलाच तर अंगावर धाव न घेता थोडं अंतर ठेवून, शरीर तिरकं करून, विंगरला लाइनच्या बाजूला ढकलत नेणार, म्हणजे त्याच्याकडे जागाच उरत नाही. बॉल पायापासून जरा लांब गेला रे गेला की पुढे पाय घालून काढून घेतला. बुद्धिबळातला चांगला खेळाडू तीन चाली आधी सोंगटी हलवून ठेवतो ना, तसंच.

हेडरमध्ये तो कमी पडणार हे उघड होतं, लांब पल्ल्याचा उंच क्रॉस मागच्या पोस्टवर आला आणि तिथे लामसमोर सहा फुटी स्ट्रायकर असला तर अडचण व्हायचीच, त्याच्या टीमनाही हे माहीत होतं म्हणून सेंटर बॅक तिकडे सरकून मदत करायचे. पण क्रॉस मारायलाच दिला नाही तर हेडरचा प्रश्नच येत नाही, आणि लामचा बराचसा बचाव या पायरीवरच संपायचा. हायलाइट्समध्ये हे दिसत नाही कारण जे घडलंच नाही त्याचं रिप्ले कोण दाखवणार? म्हणूनच नवीन लोकांना तो नुसता बरा खेळाडू वाटतो, पूर्ण 90 मिनिटं बघितली की मत बदलतं.

6. अख्ख्या करिअरमध्ये एकही रेड कार्ड नाही हे खरंय का?

हो, खरंय. व्यावसायिक करिअरमध्ये एकदाही मैदानाबाहेर काढलेला नाही, ना डायरेक्ट रेड ना दोन यलो. डिफेंडरसाठी ही भयंकर मोठी गोष्ट आहे कारण त्याचं कामच समोरच्याला अडवणं. कारण तेच, 5 नंबरमध्ये लिहिलेलं, वेळेत पोचला की ओढाताण करायची वेळच येत नाही. तो नुसता सभ्य होता म्हणून कार्ड मिळालं नाही असं समजू नका, सभ्य होताच, पण सभ्य माणूसही उशिरा पोचला तर फाऊल करतोच.

7. 2006 वर्ल्ड कपचा तो पहिला गोल लामचाच ना? हाताला काय बांधलं होतं?

लामचाच. 9 जून 2006, म्युनिक, जर्मनी विरुद्ध कोस्टा रिका, सहावं मिनिट. डावीकडून बॉल घेतला, एकाला आत वळून चकवलं आणि बॉक्सच्या कोपऱ्यातून उजव्या पायाने लांबच्या वरच्या कोपऱ्यात. अख्ख्या स्पर्धेतला पहिला गोल, तोही स्वतःच्या गावात. मॅच जर्मनीने 4-2 जिंकली.

हाताचं असं की स्पर्धेच्या थोडेच दिवस आधी एका सराव सामन्यात त्याच्या डाव्या कोपराला दुखापत होऊन ऑपरेशन करावं लागलं होतं, तो खेळणार की नाही हीच शंका होती, म्हणून हाताला तो पट्टा. आणि असा हात घेऊन तो जर्मनीच्या सातही मॅचमध्ये पूर्ण वेळ खेळला, अर्जेंटिना आणि इटलीविरुद्धचा एक्स्ट्रा टाइम धरून 690 मिनिटं, त्या टीममध्ये दुसरं कोणीच एवढं खेळलं नाही. जर्मनी तिसरी आली आणि लाम स्पर्धेच्या ऑल स्टार टीममध्ये गेला.

8. युरो 2008 ची तुर्कीवाली सेमीफायनल एवढी का गाजली?

युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. 25 जून 2008, बासेल. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, आणि व्हिएन्नातल्या वादळामुळे ब्रॉडकास्ट सेंटरची वीज जाऊन जगभर पिक्चर मधेच गायब होत होतं, त्यामुळे बऱ्याच जणांनी ही मॅच तुकड्यातुकड्यात बघितलीय.

तर 79 व्या मिनिटाला क्लोजाने जर्मनीला 2-1 पुढे नेलं. मग 86 व्या मिनिटाला तुर्कीचा साबरी लामच्या बाजूने त्याला चकवून पुढे घुसला, क्रॉस टाकला आणि सेमिहने 2-2 केलं. चूक सरळ सरळ लामची. पुढच्या चार मिनिटात दुसरा कोणी असता तर मागे पाय रोवून उभा राहिला असता, आता निदान अजून एक नको म्हणून. लाम उलट पुढे गेला, हिट्झल्सपर्गरला बॉल दिला, धावत राहिला, परत घेतला आणि 90 व्या मिनिटाला जवळच्या पोस्टला वरती ठोकून दिला, 3-2, जर्मनी फायनलमध्ये. गोल सुंदर आहेच, पण चार मिनिटांपूर्वी चुकलेला माणूस तिथे पोचतो याचं मला जास्त कौतुक वाटतं.

9. मग त्याच युरोच्या फायनलमध्ये टोरेसचा गोल लाममुळे झाला का?

मोठा वाटा त्याचाच, हो. 33 व्या मिनिटाला झावीचा पास, लाम टोरेसच्या पुढे होता, गोलकीपर लेमन पुढे येतोय हे बघून तो जरासा थांबल्यासारखा झाला, टोरेस मागून वळसा घालून आला आणि बॉल लेमनवरून उचलून आत. कोणी घ्यायचा यावर दोघांचं जमलं नाही. हाफ टाइमला लामला बाहेर घेऊन यान्सनला आणलं आणि स्पेन 1-0 ने जिंकलं. तरीही स्पर्धेच्या सर्वोत्तम टीममध्ये लामचं नाव होतं. एका फ्रेमवरून अख्खी स्पर्धा मोजायची नसते, पण ती फ्रेम नाकारायचीही गरज नाही.

10. बालाकची कॅप्टन्सी लामने हिसकावली असं म्हणतात, नेमकं काय झालं?

हिसकावली हा शब्द जड आहे. मे 2010 मध्ये एफए कप फायनलला केविन-प्रिन्स बोआटेंगच्या टॅकलने जर्मनीचा तेव्हाचा कॅप्टन बालाक याचा घोटा गेला आणि तो वर्ल्ड कपला मुकला. जर्मनीचा कोच लोव याने लामला कॅप्टन केलं, 26 वर्षांचा, वर्ल्ड कपमधला जर्मनीचा सगळ्यात तरुण कॅप्टन. टीम भन्नाट खेळली, इंग्लंडला 4-1, अर्जेंटिनाला 4-0. आणि सेमीफायनलच्या तोंडावर लाम बोलला की कॅप्टनचा आर्मबँड मला आवडतोय, मी स्वतःहून परत देणार नाही.

म्हणण्यात खोटं काही नव्हतं, पण बालाक दुखापतीने घरी बसलेला असताना, स्पर्धा चालू असताना हे बोलायची वेळ चुकली असं माझं मत आहे, आणि लामचा फॅन असूनही हे मी म्हणतोय. लोवने बालाकच कॅप्टन आहे असं नंतर सांगितलं खरं, पण बालाक पुन्हा जर्मनीसाठी खेळलाच नाही, 2011 मध्ये लोवने तो विषय संपवला, आणि आर्मबँड लामकडेच राहिला.

11. क्लबनेच त्याला दंड केला होता म्हणे? एवढ्या शांत माणसाला?

नोव्हेंबर 2009. बायर्न तेव्हा धड खेळत नव्हती. लामने एका मोठ्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली, क्लबला न विचारता, आणि त्यात सरळ सांगितलं की आपल्या खरेदीमागे काही विचार दिसत नाही, मोठे युरोपियन क्लब आधी कसं खेळायचं ते ठरवतात आणि मग त्या पद्धतीत बसणारे खेळाडू आणतात. क्लबने त्याला बायर्नच्या इतिहासातला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा दंड ठोकला.

पण पुढे काय झालं बघा, त्याच सीझनला बायर्नने लीग आणि जर्मन कप दोन्ही जिंकलं, चॅम्पियन्स लीगच्या फायनलला गेली, इंटरकडून 0-2 हरली ते सोडा, आणि जानेवारी 2011 मध्ये तेव्हाचा कॅप्टन व्हॅन बोमेल मिलानला गेल्यावर क्लबने कॅप्टन कोणाला केलं तर याच माणसाला. 2008 मध्ये बार्सिलोना मागे लागलेली असताना तो घर सोडून गेला नव्हता, त्यामुळे त्याची टीका बाहेरच्याची नव्हती, आतल्या माणसाची होती, हे क्लबलाही कळत असणार.

12. पुस्तकावरून वाद काय झाला होता?

2011 मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्यात जुन्या कोचबद्दल मोकळेपणाने लिहिलेलं. क्लिन्समान बायर्नला असताना सगळा भर फिटनेसवर होता, डावपेचांचं फारसं काही नव्हतं, कसं खेळायचं ते खेळाडूंना मॅचआधी आपसात ठरवावं लागायचं, असा सूर. जर्मनीचा आधीचा कोच फोलर याच्या काळातल्या ट्रेनिंगबद्दलही होतं आणि फोलर चांगलाच भडकला. अजून खेळत असलेल्या कॅप्टनने ड्रेसिंग रूममधलं बाहेर काढावं का, यावर जर्मनीत बरंच बोललं गेलं. 11 नंबर आणि हे एकत्र वाचलं की कळतं, खेळ नीट विचार करून झाला पाहिजे हा त्याचा हट्ट होता आणि त्यासाठी तो लोकांना दुखवायला तयार होता.

13. पेनल्टी तो चांगल्या मारायचा का?

मिश्र हिशोब. 2012 ला रिअल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीग सेमीफायनलच्या शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी गोलकीपर कासियासने अडवली, तरी बायर्न जिंकली. मग 19 मे 2012 ला स्वतःच्याच मैदानावर चेल्सीविरुद्ध फायनलच्या शूटआउटला पहिला बॉल ठेवला तो लामनेच, आणि गोल केला. आधीची चुकलेली असताना पहिलं जायला छाती लागते. ओलिच आणि श्वाइनस्टायगरच्या गेल्या आणि बायर्न 3-4 हरली. एप्रिल 2015 ला डॉर्टमुंडविरुद्ध कपच्या सेमीत मात्र शॉट मारताना लामचा पाय घसरला, पाठोपाठ शाबी अलोन्सोही तसाच घसरला, बायर्नला शूटआउटमध्ये एकही गोल करता आला नाही.

14. 2013 च्या ट्रेबलमध्ये (लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग एकाच सीझनला) त्याचं काम किती होतं?

घरच्या मैदानावरची ती हार पचवून बरोबर एका वर्षाने सगळं जिंकलेली टीम, आणि तिचा कॅप्टन लाम. बार्सिलोनाला सेमीत दोन मॅच मिळून 7-0. मग 25 मे 2013 ला वेम्बलीवर डॉर्टमुंडला 2-1, रॉबेनचा 89 व्या मिनिटाचा गोल. आणि आठवड्यात कपची फायनल 3-2, ती कोणाविरुद्ध तर स्टुटगार्टविरुद्ध, ज्यांनी त्याला पहिली संधी दिली. कॅप्टन म्हणून तो ओरडणारा नव्हता, पूर्वीच्या जर्मन कॅप्टनसारखा छाती पुढे काढून चालणारा तर अजिबातच नाही, आणि असा कॅप्टन मोठं काही जिंकून देणार नाही असं जर्मनीत बरेच जण म्हणायचे. वेम्बलीनंतर ते बोलणं कमी झालं, 16 नंबरनंतर बंदच झालं.

15. ग्वार्डिओलाने चांगल्याभल्या राइट बॅकला मिडफिल्डमध्ये का टाकलं?

2013 च्या उन्हाळ्यात पेप ग्वार्डिओला कोच म्हणून बायर्नला आला तेव्हा मिडफिल्डमधले बरेच जण जखमी होते, थिआगो तर नुकताच पडलेला. ऑगस्टमध्ये प्रागला चेल्सीविरुद्ध सुपर कपच्या मॅचला लाम मधे खेळला आणि मग त्या सीझनभर कितीदातरी. अडचणीतून सुरू झालं पण ते टिकलं कारण माणूस तिथे बसला. डिफेन्सच्या पुढे उभं राहून दोन्हीकडे बघायचं, बॉल पटकन सोडायचा, तुटला तर लगेच भोक बुजवायचं, हे सगळं तो कडेला उभा राहून आयुष्यभर करतच होता, आता 360 अंशात करायला लागला एवढंच. आपण शिकवलेल्यांत लाम हा बहुधा सगळ्यात हुशार खेळाडू असं पेप म्हणाला होता, आणि त्याने मेस्सी, झावी, इनिएस्ता यांना शिकवलेलं आहे हे लक्षात घ्या.

आज फुलबॅक आत येऊन मिडफिल्डर होतात ते तुम्ही रोज बघता, पेपने बायर्नला लाम आणि अलाबाला घेऊन ते भरपूर वापरलं. 2015 ला आलेला किमिख पुढे राइट बॅक आणि मिडफिल्ड दोन्हीकडे खेळला, तीच वाट.

16. 2014 वर्ल्ड कपमध्ये तो नक्की कुठे खेळला? कोणी मिडफिल्ड म्हणतं कोणी राइट बॅक.

दोन्ही बरोबर. पहिल्या चार मॅच, पोर्तुगाल, घाना, अमेरिका, अल्जीरिया, तो मिडफिल्डमध्ये. खेदिरा गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठलेला, श्वाइनस्टायगरही पूर्ण फिट नाही, म्हणून लोवने हे केलं आणि मागे चार सेंटर बॅक उभे केले. जर्मनीत यावरून घराघरात वाद. घानाविरुद्ध दुसरा गोल बसला तो लामच्याच चुकलेल्या पासवरून, मग तर वाद अजून पेटला.

30 जूनला अल्जीरियाविरुद्ध उजवीकडचा मुस्ताफी जखमी झाला, खेदिरा आत आला, लाम राइट बॅकला सरकला. आणि क्वार्टर फायनलपासून तो तिथेच. फ्रान्सला 1-0. मग 8 जुलै, बेलो होरिझोन्ते, ब्राझीलला 7-1. त्यातल्या क्रूसच्या पहिल्या गोलचा क्रॉस उजवीकडून लामचा आहे आणि शुर्लेच्या पहिल्या गोलचा पासही, सगळे गोल मोजतात म्हणून हे राहून जातं. 13 जुलैला फायनलमध्ये अर्जेंटिना, 113 व्या मिनिटाला ग्योत्झेचा गोल, आपल्याकडे सोमवार पहाटेचे तीन वाजलेले.

लोवचा पहिला निर्णय चुकीचा होता का? मला नाही वाटत. दोन अर्धे फिट मिडफिल्डर घेऊन गटातल्या मॅच काढायच्या होत्या, लाममुळे निघाल्या. ते फिट झाल्यावर लाम परत कडेला. एकाच स्पर्धेत एक माणूस दोन जागा भरतो तेव्हाच कोचला असा वेळ मिळतो.

17. वर्ल्ड कप जिंकून पाचव्या दिवशी राष्ट्रीय टीममधून निवृत्ती? वय फक्त 30!

18 जुलै 2014 ला जाहीर केलं. लोवला तर फायनलनंतरच्या सकाळी नाश्त्यालाच सांगून टाकलं होतं. निर्णय त्या सीझनमध्येच झाला होता, जिंकलो हरलो तरी हीच शेवटची स्पर्धा असं मनाशी ठरलेलं. 2004 पासून दहा वर्षं, तीन वर्ल्ड कप, तीन युरो, आणि क्लबच्या मॅच वेगळ्याच. मला तेव्हा फार वाईट वाटलं, पुढे काही वर्षं जर्मनीची फुलबॅकची अडचण बघून अजून वाटलं, पण शरीर त्याचं, हिशोबही त्याचा.

18. बायर्नचं कॉन्ट्रॅक्ट 2018 पर्यंत असताना 2017 लाच का सोडलं? भांडण झालं का?

भांडण झालं म्हणायला आधार नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये वोल्फ्सबर्गविरुद्धच्या कपच्या मॅचनंतर त्याने सांगितलं की सीझन संपला की थांबतोय, आणि क्लबमध्ये स्पोर्टिंग डायरेक्टर व्हायची बोलणी चालली होती तीही नको म्हणाला. ज्या पद्धतीने आणि वेळेला हे बाहेर आलं त्याने क्लबचे वरचे लोक चकित झाल्याचं त्यांनीच बोलून दाखवलं. शेवटची मॅच 20 मे 2017, फ्रायबर्गविरुद्ध 4-1, त्याच दिवशी शाबी अलोन्सोही थांबला. डायरेक्टरची खुर्ची नंतर सालिहामिजिचला मिळाली.

19. मॅचचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का दिसतात? आणि एकूण ट्रॉफ्या किती?

कारण कोण काय मोजतंय ते बघावं लागतं. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, एकूण 385, पण त्यातल्या 53 स्टुटगार्टच्या आणि 332 बायर्नच्या. 517 हा आकडा बायर्नचा, पण सगळ्या स्पर्धा धरून. जर्मनीच्या 113 वेगळ्या, त्यात 5 गोल, त्यातले तीन मोठ्या स्पर्धांत: कोस्टा रिका, तुर्की आणि युरो 2012 ला ग्रीस.

ट्रॉफ्या: बुंडेसलिगा 8, जर्मन कप 6, चॅम्पियन्स लीग 1, शिवाय 2013 चा युएफा सुपर कप आणि क्लब वर्ल्ड कप, आणि 2014 चा वर्ल्ड कप. युरो नाही मिळाला, 2008 ला सगळ्यात जवळ गेला होता.

20. मोठ्या दुखापतींमुळे काय काय हुकलं?

2005 सगळ्यात वाईट. जानेवारीत पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, त्यातून उठला तर मे महिन्यात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. घरच्या मैदानावरचा कॉन्फेडरेशन्स कप गेला, बायर्नला परत आला तोच जखमी अवस्थेत, नोव्हेंबरमध्ये खेळायला लागला. नंतर नोव्हेंबर 2014 ला ट्रेनिंगमध्ये घोट्याचं हाड मोडलं आणि मार्चपर्यंत बाहेर. 2010 वर्ल्ड कपची तिसऱ्या क्रमांकाची मॅच हुकली ती दुखापतीने नाही, तापाने.

21. एवढा ग्रेट होता तर बॅलन डी ओर का नाही?

बॅलन डी ओर म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, फुलबॅकला तो मिळतच नाही हो. 2014 ला पहिल्या तिघांत जर्मनीतून नॉयर होता, गोलकीपर, आणि तोही तिसरा आला. लाम कधीच पहिल्या तीनमध्ये गेला नाही. जर्मनीचा वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलर हा पत्रकारांचा पुरस्कारसुद्धा त्याला 2017 ला मिळाला, निवृत्त झाल्यावर. मला हे अन्यायाचंच वाटतं, 2013 आणि 2014 ला तो जगाच्या सर्वोत्तम अकरामध्ये होता तेव्हा घरच्यांनी का थांबावं? मते गोल बघून पडतात, आणि गोल होऊ न देणाऱ्याचं काम कसं झाकलं जातं ते 5 नंबरमध्ये आहेच.

22. आता काय करतो? कोच का नाही झाला?

कोचिंगकडे गेला नाही. युरो 2024 जर्मनीत आणायच्या मोहिमेचा चेहरा तो होता, सप्टेंबर 2018 मध्ये तुर्कीला मागे टाकून यजमानपद मिळालं, आणि मग स्पर्धेचा टूर्नामेंट डायरेक्टरही तोच होता. 2017 मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेने त्याला मानद कॅप्टन केलं. 2007 पासून त्याच्या नावाची संस्था मुलांसाठी खेळ आणि शिक्षणाचं काम करते. धंदाही आहे, शरीराच्या निगेची उत्पादनं करणारी एक जुनी कंपनी त्याने घेतली. 2022 ला स्टुटगार्टने त्याला आणि खेदिराला सल्लागार म्हणून बोलावलं होतं.

23. ऑल टाइम जर्मन इलेव्हनमध्ये त्याला कुठे घ्यायचं, लेफ्ट की राइट?

माझ्या टीममध्ये राइट. डावीकडे ब्रेमे आहे, 1990 च्या फायनलचा गोल त्याचा, आणि दोन्ही पायांनी सारखा मारणारा. शिवाय लाम पूर्ण पिकला तो उजवीकडेच. बर्टी फॉग्ट्सवाले भांडतील, 1974 च्या फायनलला क्रॉयफला धरून ठेवणारा माणूस आहे, भांडायला जागा आहे. पण फॉग्ट्स एका माणसाला जखडायचा आणि लाम अख्ख्या बाजूचा हिशोब ठेवायचा, मला दुसरं जास्त अवघड वाटतं.

24. लामची बायर्न कधी भारतात आली होती का?

आली होती. 10 जानेवारी 2012, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, बायचुंग भुतियाची निरोपाची मॅच. बायर्न 4-0 ने जिंकली, तेव्हा क्लबचा कॅप्टन लामच होता. 2008 ला बायर्न कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध खेळली, गोलकीपर ऑलिव्हर कानच्या निरोपाच्या दौऱ्यातली मॅच होती ती, पण ती मे महिन्याच्या शेवटी, युरोच्या तोंडावर झाली, लाम तेव्हा जर्मनीच्या टीमबरोबर होता, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका.